तोरणातला सुगंध टिकतो कशाने?

दसरा झाला की बाजारात आणि मोबाइलच्या पडद्यावर एक नवी सजावट दिसू लागते. वाळलेल्या संत्र्याच्या आरपार दिसणाऱ्या चकत्या, दालचिनीच्या कांड्या, चक्रीफुलं, लवंगा टोचलेली मोसंबी, आणि हे सारं सुतळीत ओवलेलं. दिवाळीला ती दारावर लागते, नाताळला झाडावर. देखणी, सुगंधी आणि प्लास्टिक टाळणारी असल्यामुळे तिची आवड वाढते आहे. मात्र तिची कृती बहुतेक वेळा थंड देशांतून आलेली असते आणि ती जशीच्या तशी केली की आपल्याकडे फसते. चकती चार दिवसांत मऊ पडते, तिच्यावर करडी बुरशी चढते आणि वास तर त्याआधीच गेलेला असतो. मग आपल्या हवेत हे जमायचं नाही, असं म्हणून लोक प्लास्टिकच्या माळांकडे परततात. हा निष्कर्ष मला मान्य नाही. ठाणे जिल्ह्यातल्या आसनगाव, शहापूर आणि मुरबाड या पट्ट्यात टिकाऊ सुगंधी सजावट उत्तम होऊ शकते. त्यासाठी फळ रूपापुरतं घ्यावं, वासाचा भार मुळांवर टाकावा आणि काम ऋतू बघून करावं. असं का, हे एकदा कळलं की कृती पाठ करावी लागत नाही. हाताशी असेल त्या सामानातून ती सुचत जाते.

वास म्हणजे पदार्थातून सुटून हवेत मिसळलेले रेणू. ते सुटले नाहीत तर वास येत नाही आणि सगळे एकदम सुटले तर वास उरत नाही. संत्र्याच्या सालीवर जे बारीक ठिपके दिसतात, त्या तेलाच्या पिशव्या असतात. साल दुमडून मेणबत्तीच्या ज्योतीशेजारी पिळली तर ठिणग्या उडतात, त्या याच तेलाच्या. या तेलात नव्वद टक्क्यांहून अधिक भाग लिमोनिनचा असतो. हा हलका रेणू १७६ अंश सेल्सियसला उकळतो आणि साध्या खोलीतही झपाट्याने उडून जातो. लवंगेतलं युजेनॉल २५४ अंशांच्या आसपास उकळतं, दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड २४८ च्या आसपास. म्हणून मसाल्याच्या डब्यातली लवंग वर्षभराने उघडली तरी ओळख देते आणि टेबलावर ठेवलेली संत्र्याची साल दोन दिवसांत गप्प होते. वाळ्याच्या मुळांतले घटक याहूनही जड. ते हवेत अतिशय सावकाश मिसळतात, म्हणूनच अत्तराच्या धंद्यात वाळ्याचं तेल मिश्रणाला तळ देण्यासाठी वापरलं जातं. कनौजचे अत्तरकार फुलांची वाफ थेट बाटलीत भरत नाहीत, ती चंदनाच्या तेलात उतरवतात. हलका सुगंध धरून ठेवायला जड सुगंधाचा आधार लागतो, हे त्या कारागिरांनी रसायनशास्त्राची नावं माहीत होण्याच्या कितीतरी आधी हेरलं होतं. सजावटीलाही हाच नियम लागू पडतो.

लवंगा टोचलेल्या फळाचा इतिहास हेच सांगतो. मध्ययुगीन युरोपात श्रीमंत लोक जाळीदार धातूच्या गोळ्यात सुगंधी द्रव्यं भरून तो गळ्यात किंवा कमरेला बाळगत. दुर्गंधीतून रोग पसरतात, असा तेव्हाचा समज होता. सोळाव्या शतकात इंग्लंडचा कार्डिनल वूल्झी गर्दीत जाताना आतून पोखरलेलं संत्रं जवळ ठेवत असे आणि त्यात व्हिनेगरमध्ये भिजवलेला स्पंज असे, अशी नोंद त्याच्या चरित्रात आहे. पुढे लवंगा टोचलेलं फळ नाताळच्या सजावटीत आलं. त्याची जुनी पद्धत बारकाईने पाहिली तर तीन गोष्टी दिसतात. लवंगेची टोकं सालीला भोकं पाडतात, त्यामुळे आतलं पाणी बाहेर पडायला वाट मिळते. युजेनॉल बुरशीला आवर घालतं. आणि शेवटी ते फळ दालचिनीच्या पुडीत व आयरिस नावाच्या फुलझाडाच्या वाळलेल्या मुळाच्या पुडीत घोळवून काही आठवडे कोरड्या जागी ठेवतात. ही मुळाची पूड वास धरून ठेवायला लागते. म्हणजे युरोपातही फळाचा सुगंध मुळानेच सांभाळला. आज फिरणाऱ्या सोप्या कृतींतून नेमकी हीच पायरी गळली आहे.

आणखी एक पायरी आपल्याकडे चुकते, ती फळ निवडण्याची. युरोपातलं संत्रं म्हणजे गराला साल घट्ट चिकटलेलं फळ, आपल्या मोसंबीच्या जातीचं. नागपुरी संत्र्याची साल सैल असते. गर आणि साल यांच्यामध्ये हवा राहते, टोचलेली लवंग डुगडुगते, तिच्याभोवती फट पडते आणि आतून फळ सडू लागतं. म्हणून लवंगा टोचायच्या असतील तर मोसंबी घ्यावी, तीही लहान आणि टणक; किंवा कागदी लिंबू घ्यावं, ते लवकर वाळतं. नागपुरी संत्र्याची खरी देणगी त्याची सुटी निघणारी साल आहे. आंबिया बहराची संत्री ऑक्टोबरपासून बाजारात येतात, म्हणजे ऐन दिवाळीच्या तोंडावर. फोडी घरातल्यांनी खाव्यात आणि सालीचे फुलांचे, पानांचे आकार कापून सावलीत वाळवावेत. अन्नाची नासाडी नको, हा आक्षेप त्यामुळे आपोआप मिटतो. चकत्यांसाठी एखाद-दुसरं फळ पुरतं. एका मोसंबीच्या पाच-सहा चकत्या सहज होतात.

आता हवेचं पाहू. शहापूर-मुरबाडचा भाग सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. एका बाजूला माहुलीचा किल्ला, दुसऱ्या बाजूला माळशेज घाट. पावसाळ्यात इथे दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्या महिन्यांत हवेतली आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते. बहुतेक बुरशींना वाढायला सभोवतालची आर्द्रता साधारण ७० ते ७५ टक्क्यांच्या वर लागते. म्हणजे श्रावण-भाद्रपदात फळ वाळवणं हा बुरशीला दिलेला मुक्त परवाना ठरतो. ओव्हनमध्ये कडक केलेली चकतीसुद्धा त्या हवेत पाणी परत ओढून घेते, कारण तिच्यातली साखर ओलाव्याची भुकेली असते. गणपतीची पारंपरिक सजावट ताज्या फळांची आहे, त्यामागे हे व्यावहारिक शहाणपण मला दिसतं. गोव्यात माटोळी आणि सिंधुदुर्गात माटवी म्हणतात, ती लाकडी चौकट गणपतीच्या डोक्यावर टांगली जाते आणि तिला नारळ, सुपारीचे घोस, चिबूड, तोरिंजन, कवंडळ, कांगुणी अशी ताजी फळं बांधली जातात. ओल्या ऋतूत ओलं सामान, आणि तेही मोजक्या दिवसांपुरतं. मुंबई परिसरातून मोसमी पाऊस माघारी फिरण्याची हवामान खात्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे. त्यानंतर हवा कोरडी होत जाते, भात पिवळा पडतो, दुपारचं ऊन कडक आणि रात्री गार होतात. वाळलेल्या सजावटीचा हंगाम इथून सुरू होतो आणि नाताळ, संक्रांत ओलांडून होळीपर्यंत चालतो. थंड देशांत शेकोटीने आणि हीटरने खोली कोरडी करावी लागते. आपल्याला हे काम कार्तिक-मार्गशीर्षाचं ऊन फुकट करून देतं.

मुळांवर भर द्या, असं मी म्हणतो तेव्हा त्याचा सर्वांत जवळचा पुरावा दिवाळीच्या पहाटेच आपल्या अंगाला लागलेला असतो. उटण्यात काय असतं? नागरमोथा, वाळा, कचोरा, कपूरकाचरी, आंबेहळद, चंदन आणि त्यांच्या सोबतीला संत्र्याची साल. यादीतली पहिली पाच मुळं किंवा जमिनीखालची खोडं आहेत. गेल्या वर्षीची उटण्याची पुडी उघडली तरी ती दिवाळीचीच वाटते, ती यांच्यामुळे. त्यात फक्त संत्र्याची साल असती तर महिन्याभरात ती बिनवासाची भुकटी झाली असती. गोड्या मसाल्यातलं दगडफूलही याच पठडीतलं. ते शैवाल आणि बुरशी यांच्या सहवासातून तयार होतं, कच्चं हुंगलं तर फारसं बोलत नाही, पण इतर वासांना धरून ठेवतं. युरोपातल्या अत्तरांत ओकच्या झाडावर वाढणारं असंच दगडफूल सुगंध टिकवण्यासाठी वापरत आले आहेत. फुलांमध्ये बकुळ आणि पानांमध्ये दवणा हे दोन अपवाद लक्षात ठेवण्यासारखे आहेत. दोन्ही सुकल्यावरही वास सोडत नाहीत. म्हणजे टिकाऊ सुगंधाची पूर्ण सामग्री मराठी घराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ती अंगाला लावायची, देवाला वाहायची आणि आमटीत घालायची, एवढंच आजवर झालं. तिलाच दारावर टांगायचं आहे.

रूपाच्या बाबतीत आसनगावच्या आसपासचं रान बाजारातल्या कुठल्याही दुकानापेक्षा श्रीमंत आहे. भाताच्या बांधावर आणि माळावर भादव्यापासून कुरडू फुलतो. त्याचे पांढरे-गुलाबी तुरे मुळातच कागदासारखे कोरडे असतात, वाळले तरी आकार आणि बराचसा रंग राखतात. साग तर या भागात सगळीकडे. त्याची फळं हलक्या, जाळीदार, फुगीर आवरणात असतात आणि हिवाळ्यात ती झाडाखाली पडतात. मुरुडशेंगेच्या पीळदार शेंगा, हिरडा, बेहडा, रिठ्याची सुरकुतलेली फळं, हे सगळं सुतळीत बांधता येतं. बेलाचं कच्चं फळ आडवं चिरलं की मध्यभागी बियांच्या कप्प्यांचं सुंदर चक्र दिसतं. त्या चकत्या उन्हात वाळवल्या की काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारी बेलकाचरी होते. कच्च्या बेलात डिंकाचा आणि चोथ्याचा भाग मोठा, म्हणून ती संत्र्याच्या चकतीपेक्षा कणखर राहते. कोकणात नवान्नाच्या वेळी भाताच्या लोंब्या, आंब्याची पानं, झेंडू आणि कुरडू एकत्र गुंफून दाराला बांधतात. नवी सजावट याच बांधणीवर उभी करता येते, तिच्यासाठी वेगळी कला शिकावी लागत नाही.

प्रत्यक्ष कामात दोन नियम पाळले की पुरे. गर असलेली वस्तू उन्हात वाळवायची आणि वास असलेली सावलीत. मोसंबीच्या चकत्या पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या कापाव्यात, कापडाने टिपाव्यात, जाळीवर किंवा सुपात पसरून वरून मलमल घालावी आणि रोज उलटाव्यात. चार-पाच दिवसांच्या चांगल्या उन्हात त्या वाळतात. वाकवल्यावर चिकट लागली तर चकती अजून कच्ची आहे. कडा कडक आणि मधला भाग चामड्यासारखा झाला की काढावी. संध्याकाळी दव पडण्याआधी सगळं घरात घ्यायचं, हे वाळवणं घालणाऱ्या बायकांना सांगायला नको. साली, पानं, फुलं मात्र उन्हात टाकली की तेल उडतं, म्हणून ती माळ्यावर किंवा पडवीत, वारा खेळेल अशी ठेवावीत. मग पेंढ्याची जाड वेणी घालावी, तिच्यात वाळ्याच्या मुळांच्या जुड्या गुंतवाव्यात. हा तोरणाचा कणा आणि सुगंधाचा साठा. नागरमोथा, कपूरकाचरी आणि थोडं दगडफूल ओबडधोबड कुटून पातळ सुती कापडाच्या लहान पुरचुंड्या बांधाव्यात आणि त्या चकत्यांच्या मागे लपवाव्यात. पुढे दालचिनी, चक्रीफूल, बेलकाचरी, कुरडूचे तुरे. लवंग महाग पडते, म्हणून अख्ख्या मोसंबीला न टोचता एका लिंबाला नक्षीसारख्या ओळीत टोचावी. पंधरा दिवसांनी वास मंद वाटला तर वाळ्याच्या जुडीवर पाण्याचा हलका हबका मारून ती उन्हात धरावी. उन्हाळ्यात वाळ्याचे पडदे भिजवतात, त्याच कारणाने वास पुन्हा जागा होतो. पाणी फक्त वाळ्याला, फळाला नाही.

यावर काही आक्षेप येतात आणि त्यांना उत्तर द्यायला हवं. पहिला, की ही परक्यांची टूम आहे. सामानाकडे पाहिलं तर हा आक्षेप टिकत नाही. संत्र्या-मोसंबीचं मूळ आशियात, लवंग इंडोनेशियाच्या मोलुक्का बेटांतली, दालचिनी श्रीलंका आणि केरळची. युरोपने आशियाचं सामान घेऊन आपल्या हिवाळ्याला साजेशी कृती बसवली. आपण त्याच सामानाला आपल्या ऋतूत बसवलं तर त्यात उसनं काही नाही. शिवाय दालचिनी आता कोकणात पिकते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने दालचिनीची ‘कोकण तेज’ आणि जायफळाची ‘कोकण सुगंधा’ या जाती दिल्या आहेत आणि नारळाच्या बागेत मसाल्याची झाडं लावण्याची शिफारसही केली आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बाजारातलं कृत्रिम सुगंधी द्रव्य स्वस्त आहे आणि त्याचा वास घरभर पसरतो, मग एवढा खटाटोप कशाला? नैसर्गिक तोरणाचा वास खरोखरच सौम्य असतो. तो हातभर अंतरापर्यंत जाणवतो, हे मान्य करायला हवं. पण आपलं नाक सतत येणाऱ्या एकसुरी वासाला काही मिनिटांतच सरावतं आणि तो जाणवेनासा होतो. म्हणून उग्र वास दिवसभर घरात कोंडण्यात फारसा लाभ नाही. येता-जाता, वाऱ्याच्या झुळकीने, स्पर्शाने मधूनच येणारा वास दर वेळी नवा लागतो. यासाठीच असं तोरण भिंतीवर नको, माणसांचा वावर असलेल्या दारावर हवं. आणि सण सरल्यावर त्याचं काय करायचं, हा प्रश्नही उरत नाही. सुतळीसकट ते परसातल्या खताच्या खड्ड्यात जातं. महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ रोजी काढलेल्या अधिसूचनेने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी घातली, पण बंदीने रिकामी झालेली जागा बहुतांशी दुसऱ्या प्लास्टिकने भरली. चांगला पर्याय पुढे ठेवल्याशिवाय कायदा एकटा पुरा पडत नाही.

तिसरा आक्षेप जंगलाचा आहे आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. मागणी वाढली तर रान ओरबाडलं जाईल, हे भय अनाठायी नाही. इथे फरक करायला हवा तो काय गोळा करतो याचा. सागाची पडलेली फळं, फुटून बी सांडलेली मुरुडशेंग, गळलेला बेहडा, सुकलेला कुरडू यांनी झाडाचं आयुष्य कमी होत नाही. मुळं उपटली तर मात्र झाडच जातं. म्हणून वाळा आणि नागरमोथा रानातून आणू नयेत, लावून घ्यावेत. वाळ्याचा ठोंब पावसाच्या सुरुवातीला लावला की साधारण दीड वर्षात मुळं काढणीला येतात. बांधावरचा वाळा माती धरून ठेवतो, तो खणणं म्हणजे बांध फोडणं. त्यासाठी वेगळी गोणी मातीने भरावी, परसात ठेवावी आणि वेळ आल्यावर गोणी फाडून मुळं धुऊन घ्यावीत. या भागातल्या ठाकूर, कातकरी, वारली आणि महादेव कोळी कुटुंबांना रानातल्या वस्तूंची पारख आहे आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर त्यांचा हक्क मान्य केला आहे. शहापूर तालुक्यातल्या कातकरी तरुणांनी वनधन केंद्राच्या माध्यमातून गुळवेल गोळा करून, वाळवून औषध कंपन्यांना पुरवली, हे उदाहरण समोर आहे. रानातला माल वाळवून, निवडून, दर्जा राखून बाजारात नेण्याचं कसब इथे आहे, हे त्यातून सिद्ध झालं. कल्याण-डोंबिवलीचा बाजार आसनगावहून लोकलने तासाभराच्या अंतरावर आहे. या धंद्यातून कोणी श्रीमंत होईल, असं मी म्हणणार नाही. मागणी वर्षातून दोन-तीन महिन्यांचीच. पण भात झोडून झाल्यावर बचत गटांतल्या बायकांच्या हातात येणारा थोडा पैसा त्यांच्या घरात मोठा असतो.

राहिली सावधगिरी. मसाल्यांना आणि मुळांना बारीक भुंगेरा लागतो, म्हणून बांधण्याआधी अख्खे मसाले एक दिवस हवाबंद डब्यात भरून तो डबा उन्हात ठेवावा किंवा दोन-तीन दिवस फ्रीजरमध्ये ठेवावा. मोसंबीच्या कच्च्या चकतीवर मुंग्या येतात. नीट वाळलेलीवर सहसा येत नाहीत. पेंढा, वाळा, संत्र्याची साल हे सगळं चटकन पेट घेणारं आहे, तेव्हा पणत्यांपासून आणि आकाशकंदिलाच्या तापणाऱ्या दिव्यापासून तोरण चांगलं लांब बांधावं. घरात लहान मूल असेल तर चक्रीफूल, रिठा, जायफळ त्याच्या हाताला लागेल इतकं खाली येऊ देऊ नये. जून उजाडला की तोरण उतरवावं. आपल्या पावसात टिकेल अशी वाळलेली सजावट नाही आणि ती टिकवायचा हट्टही धरू नये.

येत्या दिवाळीला मॉलमधली प्लास्टिकची संत्री आणि बाटलीतला दालचिनीचा वास विकत घेण्याआधी एकदा काष्ठौषधीच्या दुकानात जा. शंभर ग्रॅम वाळा, पन्नास ग्रॅम नागरमोथा आणि थोडी कपूरकाचरी आणा, खाल्लेल्या संत्र्यांच्या साली टाकून देऊ नका आणि पाऊस गेल्यावरचं पहिलं आठवडाभराचं ऊन वाया घालवू नका. आणि शहापूर-मुरबाडच्या आठवडी बाजारात कुरडूच्या जुड्या, बेलकाचरी किंवा मुरुडशेंगा घेऊन बसलेली बाई दिसली, तर भाव न पाडता तिच्याकडून घ्या.